माळ्यावरचा रणगाडा

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात, विज्ञान प्रदर्शनाच्या निमित्ताने दिलेले भाषण)



भाषण करणे हा माझा पेशा नव्हे. उभी नोकरी मी फिटरच्या मुलांना कानस कशी धरावी हे शिकविण्यात घालविली. व्यासपीठापेक्षा व्हाइसपाशी उभे राहणे मला अधिक जमते. चिटणीस साहेबांनी मला 'विद्यार्थी आणि विज्ञान' असा भला मोठा विषय दिला होता. तो माझ्या आवाक्यातला नाही. मी फक्त समोरच्या खोलीतील एका टेबलाविषयी बोलणार आहे. त्या टेबलावर अर्धा मीटर लांबीचा एक रणगाडा ठेवला आहे आणि तो बिनतारी यंत्राने चालतो. सकाळपासून त्याच्याभोवती मुलांची गर्दी आहे. पालकांपैकी एकाने मला विचारले, "मास्तर, शाळेच्या प्रदर्शनात हे खेळणे कशाला?" एका माउलीने मात्र अगदी हळू आवाजात विचारले, "पोलीस काही म्हणणार नाहीत ना?" या दोन्ही प्रश्नांना उत्तर देणे मला भाग आहे, कारण हा रणगाडा माझ्या भाच्याचा आहे आणि त्यात माझाही हात आहे.

हकिगत अशी. चार वर्षांपूर्वी भाच्याने साठविलेल्या पैशांतून एक जुना चिनी बनावटीचा रणगाडा विकत घेतला. त्याचे प्रमाण सोळास एक, म्हणजे खऱ्या गाड्याचे १६ सेंटीमीटर ते याचे एक सेंटीमीटर. पट्टे प्लॅस्टिकचे आणि आतले दातेचक्रही प्लॅस्टिकचे. आटगावच्या पहिल्याच पावसात, अंगणातल्या खडीवर, त्या चक्राचे दात गेले. दुसरा एखादा मुलगा रडला असता किंवा नवा मागता झाला असता. हा तो उघडून माझ्याकडे घेऊन आला आणि म्हणाला, "मामू, हे पितळेचे मिळेल का?" माझी आणि त्या रणगाड्याची ओळख झाली ती अशी.

सुटे भाग आणावयाचे म्हणजे मुंबईस ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रस्ता गाठावा लागतो. कसाऱ्याच्या लोकलने दादर आणि तेथून गाडी बदलून ग्रँट रोड. भाचा एकटाच गेला. परतताना एका स्थानकावर त्याची पिशवी तपासण्यात आली. पिशवीत दोन मोटारी, तारा, बॅटरी आणि एक रिमोट. बिल नव्हते, कारण दुकानदाराने दिले नाही आणि याने मागितले नाही. त्याला अडीच तास बसवून ठेवले. नाव विचारले, पुन्हा विचारले. शेवटी मी गेलो आणि त्याला घेऊन आलो. कोणी मारले नाही, शिवीही दिली नाही. तपासणाऱ्याला त्याचे काम करावयाचे होते, हेही मी मानतो. पण घरी आल्यावर माझ्या बहिणीने रणगाडा, रिमोट, पिशवी सगळे एका गोणपाटात बांधले आणि माळ्यावर टाकले. "माझ्या पोराला याच्या पायी काही झाले तर?" या वाक्यापुढे माझे काही चालले नाही. आजही त्या वाक्याला माझ्याजवळ पुरते उत्तर नाही.

दोन पावसाळे तो माळ्यावर पडून होता. भाचा अभ्यास करीत होता, निकालही बरा लागत होता. पण पूर्वी घरातला पंखा, इस्त्री, शेजाऱ्याचा पाण्याचा पंप उघडून बसणारा हा मुलगा आता कशालाच हात लावीत नव्हता. ही गोष्ट प्रथम बहिणीच्याच लक्षात आली, माझ्या नव्हे. एके दिवशी तिनेच गोणपाट खाली काढले. आत पाहतो तो बॅटरी उशीसारखी फुगलेली. मुलांनो, हे नीट ऐका. लिथियम-पॉलिमर जातीची बॅटरी पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी करून महिनोन् महिने टाकून देऊ नये. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नये, टोचू नये. ती पेट घेते. आम्ही ती बाहेर काढली आणि तिच्या जागी जुन्या पद्धतीची, वजनाने जड अशी निकेलची ७.२ व्होल्टची बॅटरी घातली. हा जडपणा पुढे उपयोगीच पडला, ते सांगतो.

बहिणीची एक अट होती. "तोफ काढा." भाचा म्हणाला, "तोफेशिवाय रणगाडा म्हणजे ट्रॅक्टर." दोघेही माझ्याकडे पाहू लागले. बाजारातल्या या गाड्यांच्या बुरुजात सहा मिलिमीटरच्या प्लॅस्टिकच्या गोळ्या उडविण्याचे एक लहानसे यंत्र बसविलेले असते. लहान मूल जवळ असले तर डोळ्याला इजा होऊ शकते, आणि खरे सांगायचे तर त्या गोळ्यांत शिकण्यासारखे काहीही नसते. आम्ही ते यंत्र काढून टाकले. तोफेची नळी राहिली, ती ॲल्युमिनियमची, आतून बंद. रिकाम्या जागेत बुरुज फिरविण्याची मोटार नीट बसली. बहिणीने ते हात घालून पाहिले, मगच परवानगी दिली.

मग प्रश्न आला की हा रणगाडा कोणाचा? मूळचा साचा परदेशी गाड्याचा होता. भाच्याला आपला 'विजयंता' करावयाचा होता. विजयंता मद्रासजवळच्या आवडी येथील कारखान्यात बनत असे. मूळ आराखडा इंग्रज कंपनीचा, पण देशात तयार झालेला तो पहिला मुख्य रणगाडा. तोफ १०५ मिलिमीटरची. त्याचा तयार साचा आम्हांला कोठे मिळाला नाही. तेव्हा आम्ही तिघे, म्हणजे मी, भाचा आणि बहीण, मुरबाडवरून माळशेज घाट चढून अहिल्यानगरला गेलो, ज्याला आपल्यापैकी बहुतेक जण अजून नगरच म्हणतात. तेथे चिलखती दलाचे मोठे केंद्र आहे आणि १९९४ साली उघडलेले रणगाड्यांचे संग्रहालय आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळातील रोल्स-रॉइसच्या चिलखती मोटारीपासून आपण जिंकून आणलेल्या पॅटनपर्यंत गाड्या तेथे उघड्यावर उभ्या आहेत. भाच्याने विजयंताची चाके मोजली, एका बाजूस सहा. बुरुजाचा उतार वितींनी मापून वहीत लिहून घेतला. बहीण पॅटनसमोर उभी होती. मी तिला सांगितले की जीपवर बसविलेल्या तोफेने असले गाडे फोडणारे हवालदार अब्दुल हमीद हे गाझीपूर जिल्ह्यातल्या एका शिंप्याचे चिरंजीव. ती स्वतः शिवणकाम करते. ती काही बोलली नाही, पण परतताना मोटारीत भाच्याची वही तिच्या मांडीवर होती.

आता थोडे यंत्राविषयी. आमच्या रणगाड्याला सुकाणूचे चाक नाही. नांगराची बैलजोडी वळविताना आपण आतला बैल धरून ठेवतो आणि बाहेरचा चालवितो. इथेही तेच. डाव्या पट्ट्याला एक मोटार, उजव्याला दुसरी. एक थांबली की गाडा त्या बाजूस वळतो. एक पुढे व एक मागे फिरली की जागच्या जागी गरगर फिरतो. आमची मोटार मिनिटाला सुमारे १२,००० फेरे घेते, पण पट्टा ओढणाऱ्या दातेरी चाकाला ४०० पुरतात. म्हणजे तीसास एक अशी दातेचक्रांची उतरंड हवी. फेरे कमी होतात तशी ओढण्याची ताकद वाढते. मुलांना नेहमी गाडा पळवायचा असतो. खरा विजयंता रस्त्यावर ताशी ४८ किलोमीटर जाई; सोळाने भागा, तीन उरतात, म्हणजे माणसाच्या सावकाश चालीपेक्षाही कमी. त्याहून जोरात धावला की तो रणगाडा न दिसता उंदीर दिसतो, असे माझे मत आहे. भाच्याला ते अजून पटलेले नाही.

बिनतारी संदेशाची युक्तीही जुनीच आहे. निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्क येथे लोकांसमोर एक लहान होडी अशीच चालवून दाखविली होती. पूर्वीच्या खेळण्यांत २७ मेगाहर्ट्झच्या लहरी वापरीत. दोन मुलांकडे एकाच मापाचे स्फटिक असले तर एकाच्या कळीने दोघांचे गाडे चालत आणि भांडणे होत. आताचा संच २.४ गिगाहर्ट्झचा असतो. प्रेषक आणि ग्राहक एकदा एकमेकांशी जोडून दिले की ते दुसऱ्या कोणाचे ऐकत नाहीत.

सगळ्यांत अधिक आम्ही शिकलो ते मात्र चिखलात. आषाढात भाच्याने गाडा भाताच्या खाचराच्या कडेने घातला. जिथे माझा पाय घोट्यापर्यंत रुतला तिथून तो बदकासारखा निघून गेला. भाचा म्हणाला, "पट्ट्यांना चिखलाची भीती नाही." मी त्याला १९६५ सालची असल उत्तरची लढाई सांगितली. खेमकरण भागात आपल्या लोकांनी कालव्याचे पाणी शेतांत सोडले आणि चाळीस टनांहून जड असे पॅटन त्या ओल्या शेतांत रुतून बसले. मग आपला चार किलोचा गाडा का रुतला नाही? तो वही घेऊन बसला. लांबी १६ पट कमी. जमिनीला टेकणारे क्षेत्र १६ गुणिले १६, म्हणजे २५६ पट कमी. पण आकार तिन्ही बाजूंनी लहान होतो, म्हणून वजन ४०९६ पट कमी. तेव्हा चिखलावर पडणारा दाब खऱ्याच्या सोळाव्या हिश्शाइतकाच. त्याच हिशोबाने ३९ टनांच्या विजयंताची प्रतिकृती साडेनऊ किलोची हवी. आमची निम्म्याहूनही हलकी, म्हणून ती खडीवर उड्या मारी. मग तळाशी लोखंडी वायसर आणि नटबोल्ट बसविले. काही जण शिसे वितळवून ओततात; घरात ते करू नये, शिशाचा धूर विषारी असतो. तेव्हापासून गाडा चढावर डुलत, भारदस्तपणे चालतो. भाच्याला घनमूळ आणि घनफळ शाळेत दोनदा शिकविले होते. त्याला ते कळले त्या दिवशी, गुडघाभर चिखलात.

माउलींनी विचारलेला प्रश्न मी विसरलो नाही. भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही; ती मी त्या अडीच तासांत पाहिली आहे. पण गोणपाटात बांधून ठेवलेली वस्तूच अधिक संशयास्पद दिसते, असे मला वाटते. आम्ही आता काही गोष्टी पाळतो. प्रत्येक सुट्या भागाचे पक्के बिल घेतो. गाडा पारदर्शक डब्यातून नेतो, आणि डब्यात आराखड्याची वही व मुख्याध्यापकांचे पत्र असते. चालवायचा तो दिवसा, शाळेच्या मैदानावर, मोठ्या माणसासमक्ष. रेल्वेच्या किंवा धरणाच्या परिसरात कधीही नाही. तरीही कोणी अडविले तर थांबावे, उघडून दाखवावे आणि घरी फोन करावा. मुलाला एकट्याने निस्तरावे लागू नये. त्या दिवशी मी त्याला एकटा पाठविला, ही चूक माझी होती.

आणि पहिला प्रश्न, हे खेळणे कशाला? पुण्याजवळ दिघी येथे संरक्षण खात्याची अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे. तिने 'दक्ष' नावाचे दूरनियंत्रित वाहन तयार केले. ते २०११ साली लष्करात दाखल झाले. ते जिने चढते, संशयित वस्तूची क्ष-किरणांनी तपासणी करते आणि पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने बॉम्ब निकामी करते. माणूस दूर सुरक्षित उभा असतो. ते बनविणाऱ्यांना जी विद्या लागली, म्हणजे मोटार, उतरंड, बॅटरी, लहरी आणि वजनाचा तोल, तीच त्या टेबलावर लहान मापात मांडली आहे. माझा भाचा तेथवर पोहोचेल की नाही, मला ठाऊक नाही. सध्या तो डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे आणि गणितात एक पेपर राहिला आहे.

टेबलापाशी आठवीतली एक मुलगी बसली आहे. डाव्या मोटारीच्या तारांचे डाग तिने दिले आहेत, आणि ते माझ्यापेक्षा स्वच्छ आहेत. तिला दुसरा गाडा पहिल्यापासून स्वतः करावयाचा आहे. पट्ट्यांसाठी सायकलच्या साखळ्या आणि चाकांसाठी पीव्हीसी पाइपाचे तुकडे लागतील. ज्यांच्या घरी जुनी साखळी गंजत पडली असेल त्यांनी ती सोमवारी शाळेत पाठवावी.

आता अध्यक्षांच्या परवानगीने आपण मैदानावर जाऊ. बहीण रिमोट घेऊन तेथे उभी आहे. भाच्याने तिला कालच शिकविले. पुढच्या रांगेतल्या लहान मुलांना जरा मागे घ्यावे, ती अजून डावे-उजवे चुकते.