एल.जी. की बॉल?



कर्जतहून खोपोलीकडे जाणारी लोकल पहिल्यांदा थांबते ते स्टेशन पळसदरी. वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून रेल्वेने इथे तळं बांधलं. इंजिनं गेली, तळं राहिलं. तळ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराला टेकून, आमच्या काकांची भाताची चार खाचरं आणि नाचणीचा वरकस तुकडा होता. काका रेल्वेत गँगमन. दिवसा रूळ राखायचे आणि आश्विनात भात पिवळं पडू लागलं की रात्री शेत. कारण रानडुकरं. पंधरा-वीस डुकरांचा कळप एका रात्रीत खाचर असं लोळवून टाकतो की सकाळी कापायला काही उरत नाही.

पीक राखण्यासाठी काकांकडे परवान्याची एकनळी बारा बोअर बंदूक होती. आज मला बोलायचं आहे ते तिच्यात घालायच्या काडतुसाविषयी. शिकारीच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकतो. त्यांत वाघ असतो, माचाण असतं, धाडस असतं. काडतूस कुठलं होतं हे क्वचितच कोणी सांगतं, आणि निम्मी गोष्ट तर तिथेच ठरलेली असते.

आधी आकड्यांचा घोळ सोडवू. 'बारा बोअर' म्हणजे काय? त्या नळीत नेमकी बसेल अशी शिशाची गोळी केली, तर एका पौंडात अशा बारा गोळ्या होतात. म्हणून आकडा जितका लहान, तितकी नळी मोठी. छऱ्यांच्या नंबराचंही तसंच उलटं. सहा नंबरचे छरे बारीक, पाखरांसाठी. चार नंबरचे जरा मोठे. त्यापुढे आकडे संपतात आणि अक्षरं सुरू होतात: बी.बी., एस.जी., एल.जी. एल.जी.च्या काडतुसात मोजून सहा छरे, प्रत्येकाचं वजन सुमारे साडेचार ग्रॅम. आणि शेवटी बॉल, म्हणजे एकच अखंड गोळी, तीसेक ग्रॅमची.

काकांची काडतुसं कागदी नळीची असत. कोकणातल्या पावसात कागद फुगे आणि काडतूस बंदुकीत शिरेना. म्हणून ती बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, तळाशी कोळसा घालून ठेवलेली. संध्याकाळी काका डबा उघडत आणि एकेक काडतूस नळीत घालून बघत. जे सहज बसेल ते खिशात. निवड म्हणायची ती एवढीच. जे बसेल ते.

साहेबांची आणि संस्थानिकांची निवड याहून ऐसपैस होती. आपल्याच जिल्ह्यातलं फणसाडचं रान जंजिऱ्याच्या नवाबांचं शिकारीचं राखीव जंगल होतं. 1986 साली त्याचं अभयारण्य झालं. कोल्हापूरच्या महाराजांचं दाजीपूरचं रान गव्यांसाठी प्रसिद्ध. अशा ठिकाणी रायफली असत आणि रायफलीचा आकडा इंचात सांगतात. .375 म्हणजे गोळीची जाडी इंचाच्या हजार भागांपैकी 375 भाग. 1912 साली लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने काढलेलं हे काडतूस पुढे जगभर नावाजलं. त्याची 300 ग्रेनची, म्हणजे एकोणीस ग्रॅमची गोळी सेकंदाला साडेसातशे मीटरच्या वर वेगाने सुटते.

पण नुसत्या आकड्यावर जाऊ नये. गोळीचं नाक कसं आहे, हे तितकंच महत्त्वाचं. शिसं उघडं असलेली मऊ नाकाची गोळी आत शिरली की फुलते, जखम रुंद करते आणि जनावर लवकर पडतं. वाघ, बिबट्या, सांबर यांच्यासाठी ती. गव्यासारख्या थोराड जनावराला मात्र ती खांद्याच्या हाडावरच फुलून थांबण्याची भीती. तिथे पूर्ण धातूने मढवलेली कठीण गोळी लागे. तीच वाघावर झाडली तर आरपार जाते, आणि वाघ जखमी होऊन जाळीत शिरतो.

या आकड्यांत राजकारणही होतं. 1907च्या सुमारास ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात .450 जाडीच्या रायफलींवर बंदी घातली. लष्करातल्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींची गोळी त्याच जाडीची. शिकाऱ्याची काडतुसं बंडखोरांच्या हाती पडली तर? मग इंग्रज बंदूकवाल्यांनी .465, .470 अशी नवी मापं बाजारात आणली. जनावर तेच, कायदा वेगळा म्हणून काडतूस वेगळं. स्वतंत्र भारतातही लष्करी मापं सामान्य परवानाधारकाला बंदच राहिली. ज्याला रायफल हवी त्याच्यासाठी सरकारी कारखान्याची .315. बारा बोअरची 'शक्तिमान' काडतुसं तर आपल्या खडकीच्या कारखान्यातली. हा कारखाना 1869चा.

मोठ्या जनावराला मोठीच गोळी हवी का? यावर शिकाऱ्यांनी आयुष्यभर वाद घातले. आफ्रिकेत डब्ल्यू. डी. एम. बेल नावाच्या स्कॉटिश माणसाने हजारावर हत्ती मारले आणि त्यांतले बरेचसे .275 सारख्या हलक्या रायफलीने. हत्तीच्या कवटीत मेंदू नेमका कुठे असतो हे त्याने कवट्या कापून पाहिलेलं होतं. जिम कॉर्बेट यांनीही 1926 साली रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या मारला तो .275ने. त्यांची गोळी जेमतेम नऊ ग्रॅमची. आणि 1907 साली चंपावतच्या वाघिणीसमोर याच कॉर्बेटना, खिशातली मोजकी काडतुसं संपल्यावर, तहसीलदारांची बंदूक मागायला धावावं लागलं होतं. मला विचाराल तर बेलचं उदाहरण नवख्याला सांगूच नये. नवख्याला त्यातली हलकी रायफल तेवढी लक्षात राहते, कापलेल्या कवट्या राहत नाहीत.

आता पळसदरीला परत येतो. 1962 सालचा आश्विन. मी अकरा वर्षांचा, हट्ट करून काकांबरोबर माळ्यावर गेलो होतो. शेजारच्या वाडीतले एक वयस्क ठाकर सोबतीला होते. आम्ही त्यांना बाबा म्हणायचो. चांदणं स्वच्छ होतं. काकांच्या खिशात तीन काडतुसं होती: दोन एल.जी., एक बॉल. बॉल महाग आणि मिळायचं मुश्किल.

मध्यरात्रीनंतर खालच्या खाचरात एकटा नर उतरला. बाबा कुजबुजले, "लांब हाय. येऊ द्या." काकांनी थोडं थांबून पाहिलं. डुक्कर जवळ येईना, भाताचा चुराडा मात्र ऐकू येत होता. काकांनी एल.जी. झाडली.

हिशेब साधा आहे. साध्या नळीतून छरे दर वाराला साधारण इंचभर पसरतात. त्या रात्रीचं अंतर मी मागाहून मोजलं, साठ वार भरलं. म्हणजे सहा छरे पाच फुटांच्या वर्तुळात विखुरलेले. त्यांतला एखाददुसरा डुकराला लागणार आणि तोही वेग गमावलेला. त्यात नराच्या खांद्यावर कातडीखाली जाड, चिवट थर असतो. एल.जी. तीस-पस्तीस वारांच्या आतली. डुक्कर ओरडलं, कोलमडलं, उठलं आणि कारवीत घुसलं.

जखमी जनावर रानात सोडायचं नाही, हा ठाकरांचा नेम. सकाळी बाबा कुत्री घेऊन रक्ताच्या मागावर गेले, मागे काका. मला घरी ठेवलं होतं. दुपारी चौघांनी बाबांना झोळीत घालून आणलं. मांडी गुडघ्यापासून वर फाटलेली. कारवीतून ते जनावर सरळ अंगावर आलं आणि काकांना बंदूक खांद्याला लावायलाही वेळ मिळाला नाही. बाबा वाचले. पण पाय कायमचा आखडला, आणि डोंगरात चढणाऱ्या माणसाचा पाय आखडला की काय राहतं? काकांनी पुढे दर दिवाळीला दोन मण भात त्यांच्या घरी पोचवलं. त्याविषयी दोघं कधी बोललेले मी ऐकले नाहीत. बॉलचं ते काडतूस डब्यात तसंच राहिलं. काका गेल्यावर मला सापडलं, फुगून जाडजूड झालेलं. बंदुकीबरोबर मी ते ठाण्यात जमा केलं.

1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौसेची शिकार संपली, आणि बरंच झालं. डुकरं मात्र संपली नाहीत. 2015 साली राज्य सरकारने पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकरांना आणि रोह्यांना वनखात्याच्या परवानगीने मारण्याची वाट खुली केली. त्यामुळे काडतुसाचा प्रश्न पुन्हा शेताच्या बांधावर आला आहे.

मागच्या वर्षी खालच्या वाडीतला एक तरुण माझ्याकडे आला. वडिलांचा परवाना त्याच्या नावावर झालेला, वनखात्याकडे अर्ज केलेला. "काका, काडतूस कुठलं घेऊ? का .315 रायफलच घेऊ?"

मी विचारलं, "तुझ्या माळ्यासमोर काय आहे?"

"शेत."

"आणि शेताच्या पलीकडे?"

तो गप्प झाला. पलीकडे आता दोन फार्महाऊस आहेत, त्यामागे रेल्वेची लाइन आणि शनिवार-रविवारी फिरायला येणारी मुंबई-पुण्याची पोरं. .315ची चुकलेली गोळी दीड-दोन किलोमीटर सहज जाते. काकांच्या वेळी तिकडे नुसतं रान होतं. आज माळ्याचं तोंड डोंगराकडेच हवं, म्हणजे चुकलेली गोळी मातीत जाईल. रायफल नको, बॉल पुरे. आणि त्याआधी सौर कुंपणाचं झटका मशीन लावून बघ, असंही मी सांगितलं. ते त्याला फारसं आवडलं नाही. निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करावी लागते आणि डुकरं काही आचारसंहिता पाळत नाहीत, हे मी म्हटल्यावर हसला.

मग मी त्याला माळ्यापासून खाचराच्या लांबच्या बांधापर्यंत पावलं मोजून यायला सांगितलं. संध्याकाळी तो परत आला.

"अठ्ठ्याहत्तर भरली."

"मग काडतूस राहू दे," मी म्हटलं, "आधी माळा पुढे आण."