शॉक झाले, आता गोळ्या कशाला?



संयोजक म्हणाले, "डॉक्टर आहेस, तर कामाचं बोल." मी मनोविकारांवर उपचार करतो. आपल्या भागातले नातेवाईक हमखास विचारतात तो एकच प्रश्न आज घेतो: "शॉक झाले, माणूस जेवायला लागला, आता गोळ्या कशाला?"

आधी शॉकबद्दल. नैराश्यावरच्या दोन वेगवेगळ्या गोळ्या पुरेशा मात्रेत, पुरेसे आठवडे घेऊनही उतार पडत नाही, अन्नपाणी सुटतं, जीव देण्याचे विचार थांबत नाहीत, तेव्हा हा उपचार सुचवतात. १९३६ साली गांधीजी आपल्या सावलीला आले होते. त्यानंतर दोनच वर्षांनी रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी तो प्रथम केला. तेव्हा भूल देत नसत. सिनेमात दिसतो तो तसला शॉक. आज भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक द्यायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनाई आहे. साधारण सहा ते बारा शॉक लागतात, आठवड्याला दोन-तीन. त्या काळातलं काही विसरायला होतं. बरंचसं परत आठवतं, काही आठवणी मात्र कायमच्या जाऊ शकतात. हे आधीच विचारून घ्यावं.

आता गोळ्या. शॉकने बऱ्या झालेल्या रुग्णांवरचा एक अभ्यास २००१ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी शेकडा ८४ जणांचा आजार सहा महिन्यांत उलटला. नॉरट्रिप्टिलिन घेणाऱ्यांत हे प्रमाण ६० होतं आणि जोडीला लिथियम घेणाऱ्यांत ३९. म्हणजे शॉक आजार उतरवतो, आणि उतरलेला आजार गोळ्या थोपवून धरतात.

गोळ्यांचंही पथ्य असतं. झोपेच्या आणि फिटच्या काही गोळ्यांमुळे शॉकचा परिणाम कमी होतो, म्हणून घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा. लिथियम सुरू असेल तर वेळच्या वेळी रक्त तपासा. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडताना घाम जातो, पाणी कमी पडतं आणि लिथियम रक्तात वाढतं. अंगदुखीच्या काही गोळ्यांनीही तसंच होतं. हात जास्त थरथरले, उलट्या-जुलाब झाले, तोल जाऊ लागला, तर लगेच दवाखाना गाठा.

रोवणीच्या दिवसांत नागपूरची फेरी म्हणजे एक रोजी बुडते. भाड्याचे पैसेही लागतात. मग गोळ्या संपतात आणि 'आता तर बरा आहे' म्हणून राहून जातं. सहा महिने तरी, बहुतेकदा त्याहून जास्त काळ गोळ्या लागतात, आणि बंद करायच्या त्या डॉक्टरांना विचारूनच.

आपल्यापैकी कुणी शिक्षक आहे, कुणी आशाताई, कुणाचं मेडिकल आहे. गावात असा माणूस असेल तर "येडा झाला होता" म्हणू नका. "गोळ्या किती दिवसांच्या उरल्या?" एवढं विचारा. आणि रात्री-बेरात्री कुणी जीव द्यायचं बोललं, तर त्याला एकटं सोडू नका. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फोन मोफत लागतो. तो आत्ताच मोबाईलमध्ये जतन करा, मी थांबतो.