जुनी गाडी : दुरुस्त करावी की विकावी?

(मंडळाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला विषय विचारला तेव्हा मी 'जुनी मोटारसायकल' असे सांगितले. सचिवांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली! पण आपल्या सभासदांच्या घरी सहज म्हणून गेलो, तरी जिन्याखाली किंवा व्हरांड्यात कापड पांघरलेली एखादी दुचाकी दिसतेच. कुणाची चेतक, कुणाची आरएक्स १००, कुणाची बुलेट. कुणी पीजीआयमध्ये नोकरीला आले, कुणी सीएसआयओमध्ये, कुणी चंडीमंदिरला. येताना सोबत आलेली किंवा इथे पहिल्या पगारातून घेतलेली ती गाडी. तिचे पुढे काय करायचे हा प्रश्न घरोघरी आहे, आणि बहुतेक घरी त्याचे उत्तर 'बघू' असे आहे.

माझी गाडी येझदी रोडकिंग, १९९१ साली पुण्यात घेतलेली. तरुण मंडळींसाठी थोडी माहिती देतो. मुंबईच्या रुस्तम इराणी यांनी म्हैसूरला आयडियल जावा हा कारखाना काढला, आणि १९६१ च्या सुमारास तिथे चेकोस्लोव्हाकियाच्या जावा गाड्या तयार होऊ लागल्या. पुढे त्याच गाडीला येझदी हे नाव मिळाले. २५० सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, दोन बाजूंना दोन सायलेन्सर, आणि किक व गिअर यांचा एकच दांडा, तोही डाव्या बाजूला. १९८५ साली हिरो होंडाची फोर-स्ट्रोक गाडी आली. ती एका लिटरमध्ये इतके अंतर जायची, की आमच्यासारख्या पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांचे दिवस भरत आले. पुढे धुराचे नियमही कडक झाले आणि १९९६ मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद पडला.

१९९८ साली माझी बदली इकडे झाली. पेट्रोलची टाकी रिकामी करून, गाडीला पोती गुंडाळून, ती झेलम एक्स्प्रेसच्या पार्सल डब्यात चढवली आणि अंबाला छावणीला उतरवून घेतली. परराज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर तिथला नंबर घ्यावा लागतो. म्हणून पुण्याहून ना-हरकत दाखला मागवला आणि एमएच-१२ ची पाटी जाऊन सीएच-०१ ची पाटी लागली. सौ. तेव्हा म्हणाल्या, "अहो, आता आपण खरे चंदीगडचे झालो." मी मात्र मनात म्हणत होतो, की निवृत्त झालो की ही गाडी पुन्हा झेलममध्ये चढवायची आणि पुण्याला परत जायचे.

दुचाकीची नोंदणी पहिली पंधरा वर्षे चालते. त्यानंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. त्या हिशेबाने मी २००६, २०११, २०१६ आणि २०२१ अशी चार नूतनीकरणे केली. शेवटच्या वेळेपर्यंत गुडघा बोलायला लागला होता. येझदीला सेल्फ-स्टार्ट नाही. किक मारायला पाय लागतो. त्यानंतर गाडी कापडाखाली गेली. २०२६ ची मुदत जवळ येऊ लागली तेव्हा ठरवणे भाग पडले.

प्रथम मी गाडी मनीमाजराच्या मोटर मार्केटमध्ये एका जुन्या मिस्त्रीकडे नेली. उभ्या गाडीचे काय होते ते त्याने खोलून दाखवले. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल आटून चिकट थर बसला होता. टाकीला आतून गंज चढला होता. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते ओल धरते आणि जुन्या रबरी नळ्यांनाही ते मानवत नाही. क्रँकची ऑइल सील कडक झाली होती. टू-स्ट्रोकला हे मोठे दुखणे, कारण सील गळाली की इंजिन भलतीकडून हवा ओढते आणि किती किका मारल्या तरी गाडी धड चालू होत नाही. टायर भेगाळले होते. अंदाज असा निघाला : क्रँक, बेअरिंग, सील, बोअर, पिस्टन-रिंगा मिळून सोळा हजार, टायर, चेन-स्प्रॉकेट, वायरिंग, बॅटरी नऊ हजार, आणि क्रोम-रंग करून नव्यासारखी हवी असेल तर आणखी पंधरा हजार. एकूण चाळीस.

मी विचारले, कारखाना बंद पडून इतकी वर्षे झाली, सुटे भाग मिळतील का? तो म्हणाला, "पुर्जे तो मिल जाएंगे जी, चलाएगा कौन?"

मंडळी, इतक्या दिवसांत हा प्रश्न मला घरात कुणी विचारला नव्हता आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. आपण विचारतो, खर्च किती? किंमत किती येईल? पण दुरुस्ती कुणासाठी करायची ते ठरल्याशिवाय खर्च जास्त की कमी हे सांगताच येत नाही. मुलगा मोहालीला नोकरी करतो, त्याच्याकडे स्वतःची गाडी आहे. तो म्हणाला, "बाबा, ठेवा ना, आठवण आहे." मी म्हटले, "चालवशील का?" तो गप्प बसला. ठेवायला सगळे तयार असतात. चालवायला कुणी नसते.

पुण्याला परत नेण्याचाही विचार करून पाहिला. पुन्हा ना-हरकत दाखला, पुन्हा पार्सल, पुन्हा तिकडचा नंबर, आणि हे सगळे करून तिथेही ती कापडाखालीच राहणार. मग माझ्या लक्षात आले की प्रश्न गाडीपुरता नाही. नातवंडे इथे आहेत, दवाखाना इथला, मित्र इथले, मंडळ इथले. आम्ही दोघे परत जाणार नाही हे कधीच ठरून गेले होते, फक्त ते कुणी मोठ्याने बोललेले नव्हते. गाडी व्हरांड्यात होती तोवर बोलायची गरजही पडत नव्हती. त्या संध्याकाळी आम्ही ते बोललो. सौ. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "बरे झाले, एकदाचे ठरले."

आता विकण्याकडे वळू. दोन गिऱ्हाइके आली. एक व्यापारी, आहे त्या अवस्थेत तीस हजार रोख द्यायला तयार. टाकी, सायलेन्सर, मीटर सुटे करून तो वेगवेगळे विकणार होता. दुसरा आमच्या कार्यालयातला तरुण पंजाबी सहकारी. त्याच्या आजोबांची येझदी होती म्हणे. तो म्हणाला, "अंकलजी, चालू करून, कागदांसकट द्या, पन्नास हजार देतो." हिशेब मांडला. क्रोम-रंग सोडून पंचवीस हजार घालायचे आणि पन्नास घ्यायचे, म्हणजे हाती पंचवीस. व्यापाऱ्यापेक्षा पाच हजार कमी, शिवाय दोन महिन्यांचे हेलपाटे. तरी मी दुसरा सौदा केला. दुरुस्त करावी की विकावी, असे आपण विचारतो. मला तर दुरुस्त करून विकणे हेच उत्तर मिळाले. पाच हजार गेले, पण गाडी रस्त्यावर राहिली.

एक सावधगिरीची गोष्ट. विकताना पुष्कळ जण कोऱ्या फॉर्मवर सह्या करून मोकळे होतात. तसे करू नका. २००७ साली एकाने गाडी विकली, ती पुढे आणखी काही हातांतून गेली, पण नोंदणीवर पहिल्याचेच नाव राहिले. २००९ मध्ये त्या गाडीने अपघात झाला. प्रकरण आपल्या इथल्या पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयातून वर गेले, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की नोंदणीवर ज्याचे नाव, कायद्याने तोच मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच. तेव्हा फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदलल्याचे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय निश्चिंत होऊ नका. आपल्याकडे आणखी एक गंमत आहे. रस्ता ओलांडला की मोहाली, म्हणजे पंजाब. दुसरीकडे पंचकुला, म्हणजे हरियाणा. गिऱ्हाईक दहा मिनिटांवर राहत असले तरी राज्य दुसरे, म्हणून सेक्टर १७ मधून फॉर्म २८ चा ना-हरकत दाखला घ्यावाच लागतो. माझा सहकारी मोहालीचाच. मी तो घेतला, आणि त्याच्या नावाचे नोंदणीपत्र पाहिल्यावरच दुसरी किल्ली दिली.

ज्यांना गाडी ठेवायची आहे त्यांनी जरूर ठेवावी, पण हिशेब माहीत असू द्या. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरील मोटारसायकलीच्या नूतनीकरणाचे शुल्क दोन हजार रुपये झाले आहे. माझ्या गाडीच्या गटातला, म्हणजे १५० ते ३५० सीसीचा, थर्ड पार्टी विमा २०२२ च्या दराने वर्षाला १३६६ रुपये. धुराचा दाखला वेगळा. 'विंटेज आहे, किंमत वाढेल' असे कुणी सांगितले तर हेही ऐका : २०२१ च्या नियमांप्रमाणे विंटेज ठरायला पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे व्हावी लागतात आणि गाडी मूळ रूपात असावी लागते. माझी येझदी त्या यादीत २०४१ साली बसली असती! आणि ज्यांची गाडी दुरुस्तीपलीकडे गेली आहे त्यांनी ती तशीच कबाडीवाल्याला देऊ नये. सरकारमान्य मोडणी केंद्रात द्यावी आणि नोंदणी रद्द करून घ्यावी, नाहीतर तिचा नंबर भलत्याच गाडीवर फिरायचा.

तेव्हा माझी विनंती एवढीच आहे. हा उत्सव आटोपला की एका रविवारी गाडीवरचे कापड काढा. नोंदणीपत्र बाहेर काढून त्यावरची तारीख वाचा. मिस्त्रीकडून अंदाज घ्या. आणि घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून विचारा, चालवणार कोण? कुणी हात वर केला तर खुशाल खर्च करा, आनंदाने करा. कुणी केला नाही, तर चालवणारा शोधा. गाडी कापडाखाली ठेवणे म्हणजे सांभाळणे नव्हे. तिथे ती हळूहळू गंजत असते.