नाट्यविद्यालयाच्या दारात



“नाटकाचेही शिक्षण असते का हो?” हा प्रश्न खेड्यापाड्यांतून मला पुष्कळदा विचारला जातो. विचारणारे बहुधा वडील असतात. मुलगा बी. ए. झालेला असतो, गणपतीत आणि जत्रेत कामे करतो, आणि आता म्हणतो आहे, “मला दिल्लीला परीक्षा द्यायची आहे.” वडिलांना हे खूळ वाटते. ते खूळ नाही. ही परीक्षा कशी असते आणि तिची तयारी गावातच कशी करता येते, एवढेच आज सांगायचे आहे.

दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ साली संगीत नाटक अकादमीने सुरू केले; १९७५ साली ते स्वायत्त झाले. आपल्या पुण्यात जन्मलेले इब्राहिम अल्काझी १९६२ पासून पंधरा वर्षे त्याचे संचालक होते, आणि त्यांच्या शिस्तीत या शिक्षणाची घडी बसली. अभ्यासक्रम तीन वर्षांचा, पूर्णवेळ. प्रवेशासाठी कोणत्याही विषयातली पदवी लागते, वयाची मर्यादा असते, आणि ठरावीक संख्येच्या नाटकांत भाग घेतल्याचा पुरावा द्यावा लागतो. नेमके आकडे त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहावेत. अर्ज आता संगणकावरून भरता येतो.

आता बघा, अडते ते इथेच. पुरावा!

माझा एक विद्यार्थी होता. वर्गात अबोल, पण रंगमंचावर उभा राहिला की माणूस बदलून जाई. गावात त्याने दहा-बारा नाटके केली होती. अर्ज भरायला बसलो तेव्हा त्याच्याजवळ एकाही नाटकाचा कागद नव्हता. गावच्या नाटकाची घोषणा ध्वनिक्षेपकावरून होते, पात्रांची नावे फळ्यावर खडूने लिहितात, आणि सकाळी फळा पुसला जातो. पोरगा आठवडाभर दारोदार फिरला. कपडेपट भाड्याने देणाऱ्याच्या वहीतली नोंद, एका छायाचित्रकाराकडची चार छायाचित्रे, मुख्याध्यापकांचे सहीशिक्क्याचे पत्र, असे जमवीत जमवीत शेवटच्या दिवशी अर्ज गेला.

म्हणून गुरुजनांना माझी पहिली विनंती आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात किंवा गावच्या मंडळात नाटक झाले की एका कागदावर तारीख, नाटकाचे नाव आणि पात्रांची नावे लिहा, खाली सही करा, शिक्का मारा, आणि एकेक प्रत मुलांच्या हाती द्या. तुमची पाच मिनिटे जातील. पण उद्या कोणाचे तरी दार त्या कागदाने उघडेल.

अर्जानंतर प्राथमिक चाचणी. ती देशातल्या निरनिराळ्या शहरांत होते. आपल्या मुलांना मुंबईचे केंद्र जवळचे. तिच्यातून निवडलेल्यांना दिल्लीला काही दिवसांच्या कार्यशाळेसाठी बोलावतात, आणि अंतिम निवड तेथे होते.

चाचणीसाठी नाटकातले उतारे पाठ करून जायचे असतात. इथे आपली मुले हटकून एक गोष्ट करतात. बावीस वर्षांचा मुलगा ‘नटसम्राट’मधले अप्पासाहेब बेलवलकरांचे स्वगत निवडतो. नाटक थोर आहे, प्रश्नच नाही. पण १९७० साली डॉ. श्रीराम लागूंनी ती भूमिका उभी केली, आणि तेव्हापासून प्रत्येकाच्या कानात कोणाचा ना कोणाचा तरी आवाज बसलेला आहे. परीक्षकांना तो आवाज नको असतो. तुमचा हवा असतो. तेव्हा माहितीपत्रकात दिलेल्या नाटकांतून आपल्या वयाचे, आपल्या अनुभवाच्या जवळचे पात्र शोधा. पूर्ण नाटक वाचा; नुसता उतारा वाचून भागत नाही. हे बोलणे कोणाला उद्देशून आहे, त्याच्याकडून या पात्राला काय हवे आहे, आणि ते मिळाले नाही तर काय होईल, या तीन प्रश्नांची उत्तरे स्वतःच्या बोलीत देता आली, की निम्मी तयारी झाली म्हणून समजा.

एक सावधगिरी सांगतो. उतारा एकाच चालीत घोटू नका. परीक्षक मध्येच थांबवून म्हणतील, “हेच आता खाली बसून, हळू आवाजात म्हणा.” ज्याने आवाजाचे चढउतार घोटलेले असतात तो तिथे गडबडतो. ज्याने अर्थ धरलेला असतो त्याला अडचण पडत नाही. तुम्ही किती शिकून आलात यापेक्षा तुम्हांला शिकवता येईल का, हे ते पाहत असतात.

कधी आयत्या वेळी प्रसंग देऊन तो उभा करायला सांगतात. शहरातली मुले याला बिचकतात. तुम्ही बिचकू नका. कोकणातला दशावतारी नट छापील संहितेवाचून रात्रभर संवाद रचतो. तमाशातल्या बतावणीत सोंगाड्या समोरच्याचे वाक्य उचलून त्यावर आपले चढवतो. झाडीपट्टीतला नट मंडपाच्या टोकापर्यंत आवाज पोचवतो. हे सगळे शिक्षणच आहे, बरं का! फक्त त्याला प्रमाणपत्र नाही.

भाषेची धास्ती मात्र पुष्कळांना असते. हिंदी आणि इंग्रजी कामापुरती यावी लागते, हे खरे. रोज अर्धा तास हिंदी नाटक मोठ्याने वाचा. वर्षभरात जीभ वळते. बीड जिल्ह्यातल्या दरडवाडीसारख्या खेड्यातून आलेले वामन केंद्रे याच विद्यालयात शिकले, आणि २०१३ साली त्याचे संचालक झाले.

आता वडीलधाऱ्यांशी दोन शब्द. “खर्च कसा झेपायचा?” असे तुम्ही म्हणाल. निवड झालेल्या विद्यार्थ्यांना दरमहा विद्यावेतन मिळते, आणि राहण्यासाठी वसतिगृह आहे. “मुलीला इतक्या लांब पाठवायची?” पुण्याच्या रोहिणी हट्टंगडी याच विद्यालयात शिकल्या आणि पुढे ‘गांधी’ चित्रपटातल्या कस्तुरबा म्हणून जगाने त्यांना पाहिले. अर्थात, तिथे शिकलेला प्रत्येकजण नावारूपाला येतोच असे नाही. जागा थोड्या आणि अर्ज फार. निवड झाली नाही, तर परत आलेल्या पोराला “सांगितलं होतं ना!” असे म्हणू नका. त्या वर्षीच्या थोड्या जागांत तो बसला नाही, एवढाच त्या निकालाचा अर्थ. पुण्यात विद्यापीठाचे ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठातही नाट्यशिक्षण मिळते. शिवाय वय असेल तर पुढच्या वर्षी दिल्ली आहेच.

माझ्या त्या विद्यार्थ्याचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. दुसऱ्या खेपेला तो दिल्लीच्या कार्यशाळेपर्यंत पोचला. निवड मात्र झाली नाही. आज तो तालुक्याच्या गावी शिक्षक आहे, आणि दर वर्षी मुलांचे नाटक बसवतो. नाटक संपले की टेबलाशी बसून प्रत्येक मुलाच्या नावाचा कागद लिहितो आणि मगच घरी जातो.

त्यांतला एखादा कागद घेऊन कोणी मूल दिल्लीला जाईल. तोवर आपल्या गावातल्या नाटकाची तालीम रोज वेळेवर सुरू व्हावी, एवढे आपल्या हाती आहे.