परसबागेतील फळझाडांची उन्हाळ्यातील निगा



परसात लावलेले आंब्याचे कलम किंवा लिंबाचे रोप फळावर यायला चार-पाच वर्षे लागतात. ते वाळून जायला मात्र मे महिन्याचे पंधरा दिवस पुरतात. शेतातल्या बागेसाठी विहीर असते, ठिबक संच असतो. परसातल्या झाडांना घरातल्या माणसांनी, बहुतेक वेळा आमच्या भगिनींनी, आणलेल्या हंड्यातलेच पाणी मिळते. सन २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा दिवसांत माणसाच्या वाट्याचे पाणी झाडाला घाला, असे कोणी सांगणार नाही. म्हणून आज आपण एवढाच विचार करू, की पाणी थोडे असेल तर ते कोणत्या झाडाला, कोठे आणि कसे द्यावे.

प्रथम झाडांची वर्गवारी करा

सर्व झाडांना सारखे पाणी वाटणे ही पहिली चूक होय. बोर आणि सीताफळ उन्हाळ्यात पाने गाळून विश्रांती घेतात. पाने गळाली म्हणून घाबरून त्यांना पाणी देऊ नये. बोराची छाटणी तर एप्रिल-मे महिन्यातच करतात. चिंच, जांभूळ, आवळा यांची मोठी झाडे आणि करवंदाची जुनी जाळी खोल मुळांवर उन्हाळा काढतात. पेरूच्या मोठ्या व निरोगी झाडापासून मृग बहार घ्यावयाचा असेल, तर त्याचे पाणी या काळात तोडावेच लागते. या झाडांचे वाचलेले पाणी इतरांच्या कामी येते.

पाण्याचा पहिला मान तीन वर्षांच्या आतील कलमा-रोपांचा. त्यांची मुळे वरच्या थरातच असतात आणि तोच थर प्रथम तापतो. त्यांच्या बरोबरीने केळी आणि पपई येतात, कारण त्यांची मुळेही उथळ असतात. त्यानंतर अंगावर फळे असलेले आंबा, लिंबू व डाळिंब यांचा क्रम लावावा.

पाणी बुंध्याशी नको

माझ्या घरामागे कागदी लिंबाचे सात वर्षांचे झाड होते. एका उन्हाळ्यात मी रोज संध्याकाळी न चुकता त्याच्या बुंध्यात दोन बादल्या पाणी ओतले. पावसाळ्यात खोडातून डिंक वाहू लागला, साल कुजली आणि दिवाळीपर्यंत झाड गेले. झाडांची निगा शिकविणाऱ्या माणसाच्या दारातले झाड पाण्यावाचून नव्हे, तर पाण्यामुळे गेले! तेव्हापासून मी हे सर्वांना सांगत आलो आहे.

पाणी शोषणारी बारीक मुळे बुंध्याशी नसतात. मोठ्या झाडाची दुपारची सावली जेथे संपते, त्या घेराच्या आसपास ती जास्त असतात. पाणी तेथे द्यावे. लिंबूवर्गीय झाडांना दुहेरी आळे करावे. आतल्या आळ्यात खोडाला मातीची भर देऊन ती जागा कोरडी ठेवावी आणि बाहेरच्या आळ्यात पाणी सोडावे. पपईच्या बुंध्याशीही पाणी साचू देऊ नये.

पाणी सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतर द्यावे. रोज वरवर शिंपडण्यापेक्षा तीन-चार दिवसांनी पुरेसे मुरेल असे द्यावे. जमीन हलकी, मुरमाड असेल तर थोडे थोडे, पण लवकर द्यावे. पाणी हवे की नको हे ठरविण्याची सोपी रीत आहे. आळ्यात खुरप्याने चार-सहा बोटे खोल माती काढून मुठीत दाबावी. गोळा झाला तर थांबावे, भुगा झाला तर पाणी द्यावे. पाने दुपारी मलूल दिसली तरी फसू नका. ती सकाळीही मान टाकून असतील, तर मात्र झाड खरोखर तहानलेले आहे असे समजावे.

लहान रोपांसाठी मडका सिंचन उत्तम. बुंध्यापासून हातभर अंतरावर मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरावे. बुडाला बारीक छिद्र पाडून त्यात सुती चिंधीची वात बसवावी. मडके भरून वर झाकण ठेवावे. पाणी हळूहळू मुळांशी झिरपते, उन्हाने उडून जात नाही.

अंघोळीचे व भाजी-तांदूळ धुतल्याचे पाणी वाया घालवू नका. मोरीजवळ वाळू-खड्यांचा लहान खड्डा करून त्यातून ते केळीकडे वळवावे. धुण्याच्या सोड्याचे व साबणाचे दाट पाणी मात्र झाडांना देऊ नये.

आच्छादन, सावली आणि खोड

उघड्या आळ्यातले पाणी सूर्य पितो. म्हणून उसाचे पाचट, गव्हाचे काड, सोयाबीनचे भुसकट किंवा पालापाचोळा यांचा वीतभर थर आळ्यात पसरावा. कोकणात नारळाची सोडणे वापरावीत. आच्छादन खोडाला टेकू देऊ नये, चार बोटे जागा मोकळी सोडावी. अधूनमधून ते उचलून वाळवी लागली नाही ना, हे पाहावे.

नवीन कलमांना दक्षिण व पश्चिम बाजूने तुराट्या, पऱ्हाट्या, कडबा किंवा झावळ्यांचा आडोसा करावा. सकाळचे कोवळे ऊन लागू द्यावे. केळी व पपईची उघडी पडलेली फळे वाळलेल्या पानांनी किंवा गोणपाटाने झाकावीत, म्हणजे ती करपत नाहीत.

उन्हाने खोडाची साल तडकते आणि तेथून कीड-रोग शिरतात. यासाठी खोडाला जमिनीपासून तीन फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट लावावी. १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १० लिटर पाणी हे प्रमाण घ्यावे. मोरचूद व चुना निरनिराळ्या प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करावे. लोखंडी भांडे वापरू नये. दोन-चार झाडांसाठी याच प्रमाणात कमी करावे.

काय करू नये

कडक उन्हात हिरव्या फांद्यांची छाटणी नको. कोरड्या आळ्यात रासायनिक खत नको. दोन-तीन वर्षांच्या कलमाला मोहोर येऊन फळे धरली, तर मन घट्ट करून ती काढून टाकावीत. मुले रुसतील, परंतु त्या चार कैऱ्यांपायी कलम खचते. कलमाच्या जोडाखाली येणारी फूटही वेळोवेळी काढावी, नाहीतर पाणी खुंट पितो आणि कलम मरते.

बंधू-भगिनींनो, यातील बहुतेक कामांना पैसा लागत नाही, रोज सकाळची दहा मिनिटे लागतात. उद्या सकाळी परसात जा. कोणते झाड विश्रांतीत आहे आणि कोणते तहानलेले आहे, हे आधी ओळखा आणि मगच हंडा उचला. मृगाचा पाऊस येईपर्यंत एवढे सांभाळले, तर पुढे त्या झाडाची फळे तुमची नातवंडेही खातील.