स्पीकर काढू नका : ट्यूब अँप, लॅपटॉप आणि बँजोचा भोंगा

(या भागाचं शब्दांकन. जिथे क्लिप वाजते तिथे कंसात लिहिलंय. मधले 'अं' आणि 'म्हणजे' जमतील तेवढे काढलेत.)

(क्लिप : दहा-बारा सेकंद इलेक्ट्रिक गिटार. आवाज टोकदार, डब्यात माश्या कोंडल्यासारखा.)

हेडफोन लावून ऐकत असाल तर कान चोळून घ्या. आत्ता जे वाजलं ती गिटारच होती. चांगल्या ट्यूब अँपमधून निघालेली आणि सरळ लॅपटॉपमध्ये गेलेली. मधे माईक नाही, स्पीकर नाही. ही क्लिप मी मुद्दाम जपून ठेवलीय, कारण ती काढताना मी एका माणसाचं अँप जाळलं.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी नांदगाव खंडेश्वरचा. घराची मागची खोली म्हणजे आमचा स्टुडिओ. वर टिनं, बाजूला गोठा, आणि अमरावती–यवतमाळ रोडचे ट्रक रात्रभर. तिथे माईक लावून गिटार रेकॉर्ड करायची म्हणजे गिटारसोबत म्हैस फुकटात येते. आणि उलट बाजूनेही त्रासच. अँप 15 वॅटचं होतं. 15 वॅट म्हटलं की लोकांना वाटतं, ह्यॅ, आमच्या डीजेत हजारात असतात. पण गिटारचा स्पीकर एका वॅटला एक मीटरवर 97-98 डेसिबल सहज देतो. 15 वॅटला त्यात आणखी 12 ची भर. म्हणजे 110 च्या घरात. रात्री साडेअकराला. टिनाखाली. आजी भिंतीवर काठी आपटायची, 'पोट्टेहो, झोपू देता का नाही आता?'

आवाज कमी करून वाजव, असं तुम्ही म्हणाल. तिथेच तर ट्यूबची गोची आहे. तो जाडसर, फाटल्यासारखा पण गोड आवाज येतो तो शेवटच्या ट्यूबांना दम लागला की. त्या अँपमध्ये शेवटी दोन ईएल 84 होत्या. जुने रेडिओवाले याला व्हॉल्व्ह म्हणतात. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये एकेकाळी आपल्याकडेही व्हॉल्व्ह बनायचे. व्हॉल्यूम दोनवर ठेवलं की या ट्यूबा आरामात बसून असतात, आणि मग फोनवरचं अँप सिम्युलेटर आणि त्यात फार फरक उरत नाही. ज्यांना सिम्युलेटर पुरतं त्यांनी खुशाल तेच वापरावं, मीही वापरतो. पण हे अँप घरात आलं होतं.

अँप माझं नव्हतं. अमरावतीचा एक दादा आहे, नाव नाही सांगत, त्याला आवडायचं नाही. कॉलेजपासून ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. नंतर नोकरी, लग्न, सगळं. अँप कपाटावर गेलं. मला म्हणाला, 'घेऊन जाय, पडून खराबच होऊन रायलं. फक्त नीट वागव त्याले.' एसटीत मांडीवर घेऊन आणलं मी ते.

आणि चौथ्या दिवशी मी काय केलं? मागून स्पीकरचा जॅक उपटला. त्याच जागी गिटारची वायर घातली, दुसरं टोक ऑडिओ इंटरफेसमध्ये. झालं की डायरेक्ट! शेजारी झोपलेले, आजी झोपलेली, मी हेडफोन लावून राजा. सुरुवातीची क्लिप ती हीच. पाच-सात मिनिटं चाललं. मग आतून 'चट्' असा आवाज, निळसर ठिणगी दिसल्यासारखी झाली, वार्निश जळल्याचा वास, फ्यूज गेला. इंटरफेसचं एक इनपुटही मेलं.

यात मी दोन चुका एकदम केल्या, त्या सुट्या करून सांगतो.

पहिली चूक पातळीची. 15 वॅट, 8 ओहम. गुणाकार 120, त्याचं वर्गमूळ, साधारण 11 व्होल्ट. स्टुडिओतल्या प्रोफेशनल लाइन लेव्हलचं माप 1.23 व्होल्टचं असतं. म्हणजे त्या बिचाऱ्या इनपुटमध्ये मी नऊपट घुसवत होतो. नुसता पाण्याचा पाइप जोडायचा तिथे बोअरची मोटर जोडली. तरी ही चूक स्वस्तातली.

दुसरी महागातली. ट्यूब अँपला बाहेर स्पीकर लागतोच, नाहीतर स्पीकरच्या जागी तेवढाच भार. इंटरफेसचं इनपुट हजारो ओहमचं. अँपच्या दृष्टीने तिथे काहीच जोडलेलं नाही. ट्यूबा आणि स्पीकरच्या मधे एक आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो. भार नसला की त्यात साठलेल्या ऊर्जेला जायला जागा नसते. ट्यूबेने करंट तोडला की वाइंडिंगमध्ये व्होल्टेज उसळी मारतं. गाडीची इग्निशन कॉइल आठवा. बॅटरी 12 व्होल्टची, पण करंट एकदम तोडला की कॉइल प्लगवर हजारो व्होल्टची ठिणगी पाडते. तिथे ती ठिणगी हवी असते. माझ्या अँपमध्ये ती वाइंडिंगच्या इन्सुलेशनमधून गेली. ट्रान्झिस्टरचं अँप बहुतेक वेळा स्पीकरशिवाय चालवलं तरी चालतं, म्हणून लोक फसतात. मीही फसलो.

दादाला सांगायला मला दोन दिवस लागले. फोनवर नाही सांगितलं, अमरावतीला गेलो. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, 'स्पीकर काढला? अन् कोणाले इचारलंही नाही?' बस. ओरडला असता तर बरं झालं असतं.

ट्रान्सफॉर्मर घेऊन आधी मोटर वाइंडिंगवाल्याकडे गेलो. आमच्याकडे विहिरीच्या मोटरी बांधणारे पुष्कळ. त्याने बघितलं आणि परत हातात दिलं. 'हे आपलं काम नाही बाप्पा. याच्यात थरावर थर आहेत.' बरोबर होतं त्याचं. आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रायमरी आणि सेकंडरीचे थर आलटूनपालटून गुंडाळलेले असतात, नाहीतर वरचे सूर पोचत नाहीत. शेवटी दादानेच एका जुन्या रेडिओ मेकॅनिक काकांकडे पाठवलं. काकांनी जुनं वाइंडिंग उकलत एकेक फेरा वहीत मोजला. दीड महिना लागला. पैसे मी हप्त्याने दिले.

ते काका व्हॉल्व्ह रेडिओसोबत बँजोपार्टीचे पिकअपही बांधतात. बँजो म्हणजे आपला वरातीतला, टाइपरायटरसारखी बटणं असलेला, अमेरिकेतला गोल नव्हे. 2016 मध्ये रवी जाधवांचा 'बँजो' नावाचा सिनेमाही आला होता. तर मी काकांना माझी माश्यांवाली क्लिप ऐकवली. म्हटलं, अँप जळायच्या आधीही आवाज असा घाण का होता? काकांनी एका वाक्यात सांगितलं. 'अबे, भोंगा कुठं आहे याले?'

मग समजावून दिलं. 'बँजो डायरेक्ट ऐकला तं तारेवानी कुरकुरतेच. वरातीत तो गोड लागते तो भोंग्यानं. भोंगा वरचंबी खाते, खालचंबी खाते, मधातलं फेकते.'

माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो तिथे. गिटारचा स्पीकर हा साधा स्पीकर नाहीच. साधारण 5 हजार हर्ट्झच्या वर त्याचा आवाज धाडकन खाली येतो. ट्यूबेच्या डिस्टॉर्शनमधला जो करकरीत कचरा असतो तो स्पीकर गाळून टाकतो. आपण ज्याला गिटारचा टोन म्हणतो त्याचा अर्धा हिस्सा ही गाळणी. मी स्पीकर काढला तेव्हा अँपचा भार गेला आणि गाळणीही गेली. थेट रेकॉर्डिंग करायचं तर या दोन्ही गोष्टी परत आणाव्या लागतात, वेगवेगळ्या वाटेने.

भार परत आणायला लोड बॉक्स मिळतो. तयार मिळतात, उदाहरणार्थ टू नोट्सचा टॉर्पेडो कॅप्टर. स्पीकरची वायर त्यात घालायची, आतमध्ये भार असतो आणि बाहेर लाइनचा आउटपुट. ओहम जुळवायचे : अँपवर 8 तर लोडही 8. बजेट नसेल तर मोठा वायरवाउंड रेझिस्टर. पण 15 वॅटच्या अँपला 15 वॅटचा रेझिस्टर लावू नका. अँप पूर्ण फाडून वाजवलं की ते जवळजवळ दुप्पट ढकलतं. निदान 50 वॅटचा, जाड हीटसिंकवर घट्ट बसवलेला. माझा 100 चा आहे, तरी तासाभराने त्यावर हात ठेवता येत नाही. त्याच्या टोकांवरून 10 किलोओहम आणि 1 किलोओहमची जोडी लावून अकरावा हिस्सा घ्यायचा. 11 चे होतात 1 व्होल्ट. तो इंटरफेसच्या लाइन इनपुटला. इन्स्ट्रुमेंटच्या नाही, लाइनच्या. मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवालं डीआय टाकलं तर उत्तम.

रेझिस्टरचा आवाज थोडा सपाट येतो, हे मान्य. खरा स्पीकर नावापुरता 8 ओहमचा. खाली त्याच्या रेझोनन्सपाशी तो कितीतरी पट चढतो, वरच्या सुरांनाही चढत जातो, आणि ट्यूब अँप त्या चढउताराला साथ देतं. महागडे रिअ‍ॅक्टिव्ह लोड तेच नक्कल करतात. फरक कळतो, पण रडण्याइतका नाही.

बोस्टन बँडचा टॉम शोल्झ माहितीय? एमआयटीचा इंजिनियर, तळघरात रेकॉर्डिंग करणारा. त्याच्या कंपनीने पॉवर सोक नावाचा डबा काढला तो याच भानगडीसाठी, अँप पूर्ण रेटायचं पण स्पीकरपर्यंत थोडंच पोचवायचं. आणि 1968 मध्ये बीटल्सनी 'रिव्होल्यूशन'साठी अँपच वगळून गिटारी सरळ कन्सोलमध्ये घातल्या. ते गाणं करकरीत आहे ते म्हणूनच. म्हणजे माझ्या माश्याही योग्य हातात पडल्या असत्या तर... जाऊ द्या.

आता गाळणी. ती कॉम्प्युटरमध्ये लावायची. इम्पल्स रिस्पॉन्स, थोडक्यात आयआर. एखाद्या स्पीकरचा आणि त्यासमोरच्या माईकचा ठसा, एक छोटी वेव्ह फाइल. सेलेस्टियन कंपनी स्वतःच्या स्पीकरचे आयआर विकते, फुकटचेही ढीगभर आहेत. नादिरसारखा फुकट लोडर रीपरमध्ये टाकायचा, त्यात फाइल घालायची. एवढंच. बफर 128 ठेवलं तर 44.1 किलोहर्ट्झला एका बफरचे 3 मिलिसेकंदही होत नाहीत. बोटाला जाणवत नाही. लॅपटॉप दमला आणि आवाज तुटायला लागला तर 256 करा.

आणि आपल्याकडच्या लाइटबद्दल बोलल्याशिवाय हा भाग संपूच शकत नाही. संध्याकाळी आमच्याकडे 230 चे 180 होतात. मग ट्यूबेच्या हीटरला 6.3 च्या ऐवजी 4.9 व्होल्ट मिळतात. आवाज मरगळतो, तुम्ही गिटारला शिव्या देता. स्टॅबिलायझर लावा, नाहीतर पहाटे रेकॉर्ड करा. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर अँप अजिबात नको. हम येत असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. आमच्याकडे तेवढ्याने भागलं नाही. अर्थिंगचा खड्डा मे महिन्यात ठक्क कोरडा पडला होता. मीठ-कोळसा घालून दोन बादल्या पाणी ओतलं, निम्मा हम गेला. पण हम जातो म्हणून अँपची अर्थिंगची पिन तोडू नका, कोणी कितीही सांगो. आणि झाकण उघडू नका. आत 300 व्होल्टच्या वर असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये राहतात.

तर. फुकटचे आयआर मी चाळले. ब्रिटिश कॅबिनेट, अमेरिकन कॅबिनेट, चार-बारा, दोन-बारा. छानच आहेत. पण काकांचा भोंगा डोक्यातून जाईना. शेवटी आमच्या गावच्या बँजोपार्टीचा एक भोंगा मागितला. 'कायले पाह्यजे?' म्हणे. म्हटलं, आवाज मोजायचाय. तो बघतच राहिला.

पहाटे पाचला शेतात गेलो, कारण मोकळ्यावर भिंतीचा प्रतिध्वनी येत नाही. तुरीच्या धुऱ्यावर खाटेवर भोंगा ठेवला, समोर माईक. आरईडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यातून खालपासून वरपर्यंत चढत जाणारा सूर भोंग्यात वाजवला. 20 हर्ट्झपर्यंत खाली नाही नेलं, भोंग्याचा डायफ्राम फाटतो. 200 पासून वर नेला, आवाज बेताचा. पहिल्या दोन वेळा टिटवी ओरडली. तिसऱ्यांदा नीट मिळाला. सॉफ्टवेअर त्यातून आयआर काढून देतं. भोंगा फाटेपर्यंत वाजतो तेव्हाचा जो चरचराट असतो तो यात येत नाही, आयआरमध्ये तेवढं मावत नाही. पण तो अँप देतंच.

ती फाइल घेऊन अमरावतीला गेलो. दादाचं अँप, काकांनी बांधलेला ट्रान्सफॉर्मर, रेझिस्टर, लॅपटॉप. गिटार दादाच्या हातात दिली. बऱ्याच वर्षांनी वाजवत होता, पहिल्यांदा सूरच लावत बसला. हेडफोनमध्ये दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाला, 'हे तं वरात आली बे.' मग थांबलाच नाही. वहिनी दोनदा जेवायला बोलवून गेल्या.

अँप परत द्यायला गेलो होतो मी. त्याने ठेवून घेतलं. मी आता शनिवारी तिकडे जातो.

ऐका.

(क्लिप : दीड मिनिट. दादाची गिटार, भोंग्याच्या आयआरमधून. शेवटी मागे कुकरची शिट्टी येते. ती गिटारच्या पिकअपमधून आलेली नाही, बोलायचा माईक चालू राहिला होता.)