बंद महाविद्यालय, चालू अभ्यास

सन २०२० च्या मार्च महिन्यांत आपल्याकडील महाविद्यालयांना कुलपें लागलीं, तेव्हां अनेक घरांतून मुलांना एक गोष्ट ऐकविण्यांत आली. सन १६६५ मध्यें इंग्लंडांत प्लेगची साथ आली, केंब्रिजचें विद्यापीठ बंद पडलें, तरुण न्यूटन आपल्या खेड्यांतील घरीं गेला आणि तेथें बसून त्यानें गुरुत्वाकर्षणाचा विचार केला. तूं मात्र दिवसभर लोळत पडला आहेस! ही गोष्ट खोटी नाहीं. पण ती अर्धीच आहे, आणि अर्धी गोष्ट विद्यार्थ्याच्या माथीं मारणें हा अन्याय आहे.

न्यूटन वूल्सथॉर्पला गेला तेव्हां तो बी. ए. झालेला होता. सन १६६१ पासून चार वर्षें त्यानें ट्रिनिटी कॉलेजांत काढलीं होतीं. देकार्तची भूमिति, वॉलिसचें गणित हीं त्यानें आधींच वाचून काढलीं होतीं, आणि आपल्याला पडलेले प्रश्न एका वहींत मथळे घालून टिपून ठेवण्याचा परिपाठही सुरू केला होता. शिवाय घर शेतीवाडीचें. पोटाची चिंता नाहीं. सन १६६६ च्या मार्चमध्यें तो केंब्रिजला परत आला, साथ पुन्हां उठली म्हणून जूनमध्यें घरीं गेला, आणि १६६७ च्या एप्रिलमध्यें पुन्हां कॉलेजांत रुजू झाला. घरीं नेण्यासारखी शिदोरी त्याच्यापाशीं होती, आणि ती विद्यापीठानेंच बांधून दिली होती.

आतां २०२० सालीं बारावी होऊन पहिल्या वर्षांत आलेल्या आपल्या मुलाकडे पाहा. त्यानें आपलें महाविद्यालय डोळ्यांनीं पाहिलेलें नव्हतें. सन २०२१ च्या फेब्रुवारींत निम्म्या उपस्थितीवर वर्ग उघडले, तों दुसरी लाट आली आणि ते पुन्हां बंद झाले. पुढें ऑक्टोबरपर्यंत थांबावें लागलें. तोंपर्यंत त्याचें महाविद्यालय म्हणजे तळहाताएवढी कांच. तीही पुष्कळदां वडिलांची, आणि धाकट्या बहिणीची शाळाही त्याच कांचेवर. कोकणांत तर ३ जून २०२० रोजीं निसर्ग वादळ आलें, विजेचे खांब कोसळले, आणि कित्येक गांवें आठवडेच्या आठवडे अंधारांत राहिलीं. मोबाइलला रेंज मिळावी म्हणून टेकडीवर जाऊन बसणारीं मुलें त्या वर्षीं पुष्कळांनीं पाहिलीं. त्यांना आळशी कोणत्या तोंडानें म्हणावें?

अडचण केवळ साधनांची असती तर ती पैशानें सुटली असती. खरी अडचण निराळी होती. मी या क्षणीं आपल्याशीं बोलत आहें, परंतु आपली मुद्रा मला दिसत नाहीं. आपण ऐकतां आहां कीं जांभई देतां आहां, हें मला कळावयास मार्ग नाहीं. आकाशवाणीच्या पंधरा मिनिटांना हें चालतें. पण प्राध्यापकांना दिवसाकाठीं चार चार तास असेंच बोलावें लागलें. पडद्यावर साठ नांवें आणि चेहरा एकही नाहीं! समोरच्या मुलाच्या कपाळावर आठी पडली कीं शिक्षक तेंच वाक्य दुसऱ्या रीतीनें सांगतो. ती आठीच दिसेनाशी झाली. मुलांचाही असा समज झाला कीं, ऐकलें म्हणजे अभ्यास झाला. मी स्वतः मॅट्रिकपुढें गेलों नाहीं. विद्यापीठाविषयीं अधिकारानें बोलणें मला शोभणार नाहीं. परंतु वर्गांत उभें राहून जन्म काढला असल्यामुळें एवढें कळतें कीं, ऐकणें ही अभ्यासाची पहिली पायरी आहे, दुसरी नव्हे.

शास्त्रशाखेच्या मुलांचें अधिक हाल झाले. ब्युरेटमधून थेंब थेंब द्रव सोडावयाचा आणि फिकट गुलाबी रंग टिकला त्याच थेंबाला तोटी बंद करावयाची, हें कसब बोटांत असतें. तें चित्रफितींत पाहून येत नाहीं; पोहणें जसें काठावर बसून येत नाहीं, तसेंच.

तरीही ज्यांचा अभ्यास टिकला अशीं मुलें होतीं, आणि तीं कशीं टिकलीं हें पाहण्यासारखें आहे. माझ्याकडे जुने विद्यार्थी अधूनमधून येतात. वाणिज्य शाखेची एक मुलगी रोज रात्रीं दहा वाजतां तीन मैत्रिणींना फोन करी. दिवसाचा पाठ एकीनें तोंडानें समजावून सांगावयाचा, दुसऱ्या तिघींनीं शंका काढावयाच्या. सांगणारणीची पाळी रोज बदले. खर्चलेखा हा विषय आपल्याला व्याख्यानांतून नव्हे, तर पाळीच्या भीतीनें आला, असें ती म्हणाली. दुसरा एक जण चित्रफीत मध्येंच थांबवून आपल्या शब्दांत टिपण करी आणि न समजलेलें वाक्य तांबड्या शाईनें लिही. त्याला न्यूटनच्या वहीची वार्ता नव्हती.

परीक्षेविषयीं त्या वेळीं फार गदारोळ झाला. अंतिम वर्षाची परीक्षा घेऊं नये असें आपल्या राज्य सरकारचें मत होतें. सर्वोच्च न्यायालयानें २८ ऑगस्ट २०२० रोजीं परीक्षेवांचून पदवी देतां येणार नाहीं असा निर्णय दिला. मला तो पटला. परीक्षा मग बहुतेक ठिकाणीं घरबसल्या, पर्यायी उत्तरांवर खूण करण्याच्या पद्धतीनें झाली, आणि चार पानें सलग लिहिण्याची संवय मात्र मोडली. ती मोडल्याचा बोल मी मुलांना लावीत नाहीं.

पुढें हीं मुलें नोकरीसाठीं हिंडूं लागलीं तेव्हां ‘करोनाची पदवी’ म्हणून त्यांना हिणविणारे भेटले. मुलाखत घेणाऱ्यांना माझी विनंति आहे कीं, शेंकडा किती गुण हें विचारून झाल्यावर, तीं दोन वर्षें कशीं काढलीं, हेंही विचारा. तांबड्या शाईचा तो मुलगा आज एका प्रयोगशाळेंत साहाय्यक आहे. पहिल्या वर्षाचे राहिलेले प्रयोग त्यानें तेथें, काम संपल्यावर, वरिष्ठांची परवानगी घेऊन एकेक करून पुरे केले.